वाळू ओढणाऱ्या अक्का

लातूरला मला खोली मिळाली ती माझ्या वडिलांच्या तळपायांमुळे.

नांदेडहून आम्ही दोघं सकाळच्या एस.टी.नं आलो होतो. मला तिथल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती. एकटी मुलगी परगावी राहणार म्हणून घर बघायला बाबा बरोबर आले होते. ते हेडमास्तर. शेजार कसा आहे, नळाला पाणी कधी येतं, दाराची कडी आतून नीट बसते का, असे सगळे प्रश्न त्यांनी वाटेत जुळवून ठेवले होते. त्यातला एकही विचारायची वेळ आली नाही. फाटक लोटून आत पाऊल टाकतो तोच ओसरीवरून आवाज आला.

"चपला तिथंच काढा. अन् अंगणातून चालत या. सावकाश या."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. मग त्यांनी निमूटपणे चपला काढल्या आणि धोतराचा सोगा सावरत ते चालू लागले. अंगण चांगलं ऐसपैस होतं, ठोकून बसवलेल्या मुरुमाचं. ओसरीवर एक उंच, काटक बाई उभी होती. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. ती आमच्या चेहऱ्यांकडे बघतच नव्हती, तिचं सगळं लक्ष बाबांच्या पायांकडे.

"कुठं काय टोचलं का?"

"नाही."

"कुठं खळगा लागला?"

"नाही बुवा."

"मग राहू द्या पोरीला हितं. काळजी करू नका."

खोली आम्ही त्यानंतर बघितली. परत स्टँडवर जाताना बाबा म्हणाले, "बाई जरा विक्षिप्त दिसते." मग कोपऱ्यावर वळताना हळूच म्हणाले, "पण त्या अंगणातून चालताना बरं वाटलं गं."

त्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. मीही अक्काच म्हणू लागले. त्या मला शेवटपर्यंत 'बाई' म्हणाल्या. त्यांचं गंजात, म्हणजे बाजारपेठेत, दुकान होतं, बांधकामाच्या आणि शेतीच्या अवजारांचं. फावडी, घमेली, टिकाव, थाप्या, पहारी. यजमान गेल्यावर काही वर्षं अक्का स्वतः गल्ल्यावर बसल्या. मग मुलगा हाताशी आला, त्याला सगळे अण्णा म्हणत, तेव्हा त्यांनी दुकान त्याच्यावर सोपवलं आणि स्वतः अंगण धरलं. अंगण धरलं म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

देवघराला लागून एक अरुंद खोली होती. इतरांच्या घरी तिथे धान्याच्या कोठ्या असतात, अक्कांच्या घरी अवजारं होती. दंताळं, फावडं, लाकडी रंधा, पातळी बघायची पाणसळ, सुताची गुंडी, मुरूम ठोकायचं जड धुम्मस, आणि भिंतीला आडवी लावलेली एक लांब सागवानी फळी. फळी म्हणजे नुसती फळी. पण तिची खालची कड इतकी सरळ की अक्का दर महिन्याला एक डोळा मिटून त्या कडेवरून नजर फिरवायच्या आणि समाधान झालं की तिला गोडं तेल चोळायच्या. खंडेनवमीला त्या फळीला विभूती लागायची, झेंडूची माळ पडायची. शेजारी उभ्या असलेल्या अण्णाच्या स्कूटरला एखादं फूल मिळायचं, तेही सुनेनं आठवणीनं ठेवलं तर.

पावसाळ्यात अंगणाला चरे पडत, उन्हाळ्यात मुरूम उडून खळगे होत. अक्कांना ते बघवत नसे. दंताळ्यानं उकरायचं, नवा मुरूम घालायचा, पाणी शिंपायचं, फळी ओढायची, धुम्मसनं ठोकायचं. मी एकदा म्हटलं, "अक्का, सपाटच तर आहे की."

"सपाट असून काय उपेग? पाणी थांबंल ना." त्यांनी तांब्या उपडा केला. पाण्याची धार घाई न करता, कुठेही न अडखळता फाटकाकडे गेली आणि गटारात उतरली. "हे बघा. सारखं म्हंजे असं. चालणाऱ्याला उतार कळू नाही, अन् पाण्याला कळावा."

ही पाण्याची खोड त्यांनी घरापुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. पण कुणाच्याही घरी पाहुण्या म्हणून गेल्या की समोर आलेला पाण्याचा पेला त्या अर्धा पीत आणि उरलेलं पाणी खुशाल फरशीवर ओतून धार कुठे जाते ते बघत. पुतणीसाठी स्थळ बघायला जवळच्या मुरुडला गेल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. धार वाकडीतिकडी होत नेमकी मुलाच्या वडिलांच्या सतरंजीखाली गेली. ते गृहस्थ दचकून उठले, धोतर मागून ओलं झालेलं. अक्का मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "फरशी मधी बसलीय तुमची. पोरगा चांगला हाय." लग्न झालं. पुतणी सुखात आहे. फरशी मात्र अजून तशीच आहे, असं अक्का मला नेहमी सांगत.

त्यांचं सगळंच काही गोड नव्हतं. एका थंडीत मी अंगणाच्या कोपऱ्यात विटा लावून मेथीचा वाफा केला होता. मेथी चांगली बोटभर वर आली. रविवारी मी नांदेडला जाऊन आले तर वाफा गायब! विटा भिंतीला रचलेल्या, आणि त्या जागी ठोकून गुळगुळीत केलेला मुरूम. मी तशीच जाऊन जाब विचारला. "तिथं उंचवटा झाला होता," त्या म्हणाल्या, जणू मी त्यांच्या डोळ्यात काडी घातली होती. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चार-पाच दिवसांनी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात धपाट्यांचं ताट, वर दह्याची वाटी.

"मेथीची हायेत," त्या म्हणाल्या. "तुमचीच मेथी. निवडून ठेवली होती." माफी मागणं त्यांना तेवढंच जमलं. धपाटी अप्रतिम होती.

हे वेड त्यांना कधी लागलं ते मला एका संध्याकाळी कळलं. आम्ही अंगणात चिंचा फोडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "हे काम तुम्ही यजमानांकडून शिकलात ना?"

"छे. त्यांनी जन्मभर फळ्या विकल्या, हातात कधी धरली न्हाई. मी बी न्हाई." त्या थोडा वेळ चिंचोके वेगळे करत राहिल्या. "भूकंपानं शिकवलं."

त्यांचं माहेर औशाकडचं. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, असं घर. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते सगळं खाली बसलं. भाऊ आणि भावजय त्याखाली गेले. अक्का पोचल्या तेव्हा गावात गल्ल्या कुठे होत्या तेही ओळखू येत नव्हतं.

"समदे काय ना काय देऊन राहिले होते. कुणी चादरी, कुणी भाकरी. आपण काय द्यावं? आपलं दुकान फावड्या-घमेल्यांचं. तेच टेम्पोत घालून नेलं. आधी माती उपसायला लागलं. मग पत्र्याची शेडं झाली. पण म्हातारी माणसं शेडात जाईनात. छत म्हटलं की अंगावर काटा. भायेरच निजणार म्हणायची. भायेर म्हंजे कुठं, बाई? काळ्या रानात. ढेकळं, धसकटं, वरून पावसाचा चिखल. पाठ टेकायला जागा न्हाई."

मग अक्कांनी मुरूम मागवला. प्रत्येक शेडासमोर खाट-दोन खाटा मावतील एवढी जागा त्या सारखी करू लागल्या. काम दाखवायला गावातलाच एक गवंडी होता. त्याच्या घरातलंही कुणी उरलं नव्हतं. तो दिवसभर एक शब्द बोलत नसे. पण अक्कांनी फळी तिरपी धरली की मात्र बोलायचा, "सरळ धर, माय."

"लोक म्हणाले असतील, हे काय चाललंय," मी म्हटलं.

"म्हणणारच की. आमच्या शेजारचे एक नाना होते. तोंडावर म्हणाले, माझं घर गेलं, माणसं गेली, अन् ही पोरगी जमीन पुसून राहिली. मी काय बोलणार? खरंच होतं त्यांचं. ठोकून झालं, घोंगडं टाकलं, म्हटलं नाना, पडून बघा. पडले. लई दिवस डोळ्याला डोळा न्हवता त्यांच्या. बघता बघता घोरायला लागले." अक्कांनी आणखी एक चिंच फोडली. "भाऊ गेला तवा मला रडू आलं न्हवतं. त्या घोरण्यानं आलं."

त्यांनी चिंचेचं सूप उचलून झटकलं आणि त्या आत गेल्या. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. त्या हिवाळ्यात त्या गावातल्या एकूण एक शेडासमोरची जमीन अक्कांनी सारखी केली, हे मला नंतर त्यांच्या सुनेनं सांगितलं.

मी होते त्या वर्षांत लातूर बघता बघता बदललं. बारावीच्या निकालांचा बोलबाला झाला आणि गावोगावची मुलं शिकवण्यांना येऊ लागली. किनवटची, देगलूरची, पार कोकणातली सुद्धा. ज्यानं त्यानं घरावर मजले चढवले. आमच्या समोरच इमारत झाली, तीन मजली, मुलींच्या खोल्यांची. खोल्या अशा की एकीनं अंथरूण घातलं तर दुसरीनं पाय आवरायचे. त्या मुली संध्याकाळी पुस्तकं घेऊन अक्कांच्या अंगणात येत. अक्का त्यांना अभ्यासाचं काही विचारत नसत. "चपला तिकडं" एवढंच सांगत, आणि दिवेलागणीला ओसरीवरचा मोठा दिवा लावत.

एके दिवशी जेवताना अण्णानं विषय काढला. तो मनानं वाईट नव्हता. शांत, स्थूल, हिशेबी माणूस, एका शाळकरी मुलीचा बाप. आईला घाबरणारा.

"आई, एवढी जागा नुसती पडून हाय."

"पडून न्हाई. मी रोज झाडते."

"पोरी खोल्या हुडकत उन्हात फिरून राहिल्यात. आपण बांधल्या तर पुण्यच हाय की."

"अन् त्या पोरींनी बसायचं कुठं?"

"खोलीत."

"खोलीत निजायचं असतंय," अक्का म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

अण्णानं तरी एका बिल्डरला शब्द दिला. तो येऊन अंगणभर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून गेला. इथे जिना, इथे पिलर. अक्कांनी त्या रेघा पुसल्या नाहीत, भांडणही केलं नाही. पुढच्या आठवड्यात फाटकाशी पेव्हिंग ब्लॉकचा ट्रक उभा राहिला.

"हे काय?" अण्णानं विचारलं.

"बांधकाम," अक्का म्हणाल्या. "तुला अंगणात बांधकाम पायजे होतं ना? सुरू केलं."

त्यानंतर मायलेकांचं बोलणं बंद. एकाच पंगतीला बसायचे आणि निरोप माझ्यामार्फत द्यायचे. "बाई, अण्णाला सांगा, वाळूला चाळणी लागंल." "मॅडम, आईला सांगा, बिल्डर सोमवारी येणार हाय." मी दोन घासांच्या मध्ये दोन्हीकडचे निरोप पोचवायची. सून पदराआड हसायची, पण तिचे डोळे हसत नसत. बिल्डरला शब्द दिलेला, आणि आई ऐकणारी नाही. या घराचे आता दोन भाग होणार, असं तिला मनातून वाटत होतं. मला तिनं तसं सांगितलंही.

मुरूम ठोकायला अक्कांनी दोन मजूर बायका लावल्या होत्या. पण ब्लॉकखालचा वाळूचा थर त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही. दोन पाइप समांतर ठेवायचे, मध्ये चाळलेली वाळू पसरायची, आणि पाइपांवर फळी टेकवून ती आपल्याकडे ओढत यायची. जास्तीची वाळू पुढे लोटली जाते, कमी असेल तिथे भरते. मग पाइप अलगद उचलायचे आणि त्यांच्या खाचा थापीनं बुजवायच्या. फळी लांब, तिला खरं तर दोन माणसं लागतात. अक्का मधोमध बसून एकट्याच ओढायच्या. वय सत्तरीकडे झुकलेलं. ओढलेली वाळू दिसायची कशी, तर मडक्यात दही लागावं तशी. तिच्यावर पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती. एकदा मांजर चालत गेलं तर अक्कांनी तो पट्टा पुन्हा पहिल्यापासून ओढला.

त्या दुपारी मी कॉलेजातून येऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसले होते. अर्ध्याहून जास्त अंगण ओढून झालं होतं, कडेनं सूत ताणलेलं. अक्का ओसरीवर पाणी पीत होत्या. आधी कावळे एकदम उडाले. मग पायाखालून एखादा जड ट्रक जावा तसं झालं आणि स्वयंपाकघरातली भांडी खणखणली.

मला काय झालं ते कळायच्या आत समोरच्या इमारतीतून किंकाळ्या ऐकू आल्या. "भूकंप! भूकंप!" मुली जिन्यावरून धडाधड खाली येत होत्या. एकीच्या अर्ध्याच केसांना तेल लावलेलं, एकीच्या हातात पेन तसंच. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती, डोक्यावर तारांचं जाळं. घराघरांतून माणसं बाहेर पडली, पण बाहेर पडून जायचं कुठे? सगळे एकमेकांना ढकलत होते.

अक्कांनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली.

"आत या! समदे आत या!"

लोक आले आणि वाळूच्या कडेला येऊन थबकले. खरंच थबकले. पायात चपला असलेली एक मुलगी तर वाकून त्या काढायला लागली.

"अगं, चपला मरू देत!" अक्का ओरडल्या. त्यांनी त्या मुलीचा दंड धरला आणि तिला ओढत ओढलेल्या वाळूच्या मधोमध नेऊन उभं केलं. ताणलेलं सूत त्यांनी स्वतःच्या हातानं तोडून टाकलं. "मधी चला! भिंतीपासून लांब! मधी!"

सगळी गल्ली त्या अंगणात मावली. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, त्या मुली. देगलूरकडची एक मुलगी वाळूत फतकल मारून "अम्मा, अम्मा" करत रडत होती. अक्का तिच्याजवळ बसल्या. आपला तळवा त्यांनी जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "शांत झाली बघ. आता काय होत न्हाई."

मुलगी हळूहळू गप्प झाली. मी अक्कांच्या कानाशी लागून विचारलं, "तुम्हाला हाताला कळतं?"

"कुठलं कळतंय," त्या पुटपुटल्या. "पण कुणीतरी म्हणावं लागतंय, बाई."

दुकानातून अण्णा धावत आला. घामानं निथळत, एका पायात चप्पल. बायको आणि लेक गर्दीच्या मध्ये वाळूत बसलेल्या दिसल्या तेव्हा तो फाटकाच्या खांबाला टेकला. बराच वेळ तिथेच उभा राहून त्या सगळ्या माणसांकडे बघत होता. नशिबानं कुठे काही पडलं नाही, कुणाला इजा झाली नाही. तरी दिवेलागण होईपर्यंत कुणी उठेना. अक्का आणि सून सगळ्यांना पाणी देत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगण म्हणजे बैलबाजार उठून गेल्यासारखं झालं होतं. पावलंच पावलं. अक्का दंताळ्यानं वाळू उकरत होत्या. कपाळावर आठी नाही, तोंडानं पुटपुट नाही. तेवढ्यात अण्णा बनियनवर बाहेर आला, आतल्या खोलीत गेला आणि भिंतीवरची फळी काढून घेऊन आला. त्यानं तिचं एक टोक आईसमोर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाशी स्वतः बसला.

दोघं ओढू लागले. अण्णा जोरात.

"थांब. पुढं पळालास. तिरपी झाली."

अण्णा मागे आला.

"मला एवढं वाकवंना, आई."

"वाक की. आता न्हाई तर कवा वाकणार?"

कालच्या दुपारपर्यंत ज्यांचं एक अक्षर बोलणं नव्हतं, ती दोघं वाळूत गुडघे टेकून एका फळीशी झटत होती. मला कॉलेजला उशीर होत होता, पण पाय निघेना. पट्टा पुरा झाला तेव्हा अण्णा कमरेवर हात ठेवून उठला.

"खोल्या दुकानावर बांधतो," तो म्हणाला. "वर जागा हाय."

"अन् त्या बिल्डरला काय सांगशील? आई ऐकत न्हाई म्हणून?"

"तसं कशाला सांगू?" अण्णानं फळीच्या कडेची वाळू बोटानं निपटली. "मलाच नको म्हणतो. अंगण माझं बी हाय."

अक्का उठल्या, पदराच्या टोकानं त्याच्या गुडघ्यांवरची वाळू झटकली, लहान मुलाची झटकावी तशी. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, चहा टाक. अण्णा दमलाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बी या, बाई. कडंकडंनं या."